दोन तोंडांची केबल

१

आवाज गेला त्या दुपारी घरात तिघे होते, आणि तिघांनीही तो जाताना ऐकला.

आतल्या बंद खोलीत एक बाई बोलत होती. संथ, स्वच्छ, अक्षर अन् अक्षर सुटे करून. बोलता बोलता एका शब्दाच्या मध्येच ती थांबली. वाक्य संपून माणूस थांबतो तशी नव्हे. कोणी तोंडावर हात दाबावा तशी. क्षणभर काहीच नाही. आणि मग टक्. टक्. टक्. दाराच्या आतल्या बाजूने कोणी बोटाचे पेर वाजवत असावे, असा सावकाश आणि चिवट आवाज.

ज्या बाईचा तो आवाज होता ती त्या वेळी शेजारच्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिचे तोंड मिटलेले होते. उघडे असते तरी फरक पडला नसता, कारण तिचे स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून टाकून बरेच महिने झाले होते.

"आईचा आवाज कोणीतरी मारला, मावशी," भाची फोनवर एवढेच म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

मावशीने पिशवी भरली. तिची सगळी नोकरी विमा कंपनीत गेलेली. जळालेली दुकाने, जळालेली गोदामे धुंडाळायची आणि आग लागली की लावली हे सांगायचे, हे तिचे काम. घरी यायची तेव्हा अंगाला धुराचा वास असायचा, म्हणून भाचरांनी तिचे नाव 'जळकी मावशी' ठेवले. नाव ऐकून परके लोक दचकत, आणि मावशीला त्याची गंमत वाटे. आता ती निवृत्त झाली होती. धाकट्या बहिणीकडे आपण धीर द्यायला चाललो आहोत, तपास करायला नव्हे, असे ती वाटभर स्वतःला बजावत होती. त्यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

२

धाकटी पुस्तके वाचत असे. म्हणजे आपण सगळे वाचतो तशी नव्हे; ती माईकसमोर वाचायची आणि ते ऐकून लांबच्या रस्त्यावरचे ड्रायव्हर जागे राहायचे, म्हाताऱ्या माणसांना झोप लागायची, डोळे नसलेल्यांना डोळे मिळायचे. घरातच एक लहानशी खोली तिने ध्वनिमुद्रणासाठी राखली होती. गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावे लागेल असे सांगितले, तेव्हा शस्त्रक्रियेआधी ती रोज त्या खोलीत जाऊन बसली. हाती लागेल ते वाचले. तिचा जुना ध्वनिमुद्रक समोर बसून सगळे टिपून घेत होता. त्याचे कान इतके तिखट की त्याला सगळे कानसेनच म्हणत. त्या सगळ्या वाचनातून त्याने एक करामत उभी केली. संगणकावर शब्द टाइप करायचे, की यंत्र ते धाकटीच्या आवाजात बोलणार.

हे सगळे एका काळ्या हार्ड डिस्कवर होते. घरात तिला 'डबी' म्हणत. दुसरी प्रत काढायची नाही, अशी धाकटीने शपथ घातली होती. आपला आवाज बाजारात कोणाच्या हाती लागून साबण विकत फिरू नये, एवढीच तिची भीती. पण शस्त्रक्रियेनंतर तिने ते यंत्र एकदाच वापरले. स्वतःचे वाक्य ऐकले, खुर्ची मागे सारली आणि ती त्या खोलीतून बाहेर आली ती पुन्हा गेली नाही. तेव्हापासून तिच्याजवळ एक पाटी असे आणि त्या पाटीवर फार थोडे शब्द.

मावशी पोचली तेव्हा घर इतके गप्प होते की चपला काढल्याचा आवाजही तिला उद्धटपणाचा वाटला. धाकटीने तिला पाहून हात पसरले. मावशीने तिला पोटाशी धरले, तेव्हा गळ्याच्या भोकातून येणारा तिचा श्वास मावशीच्या खांद्याला लागला. नाकातोंडातून येणाऱ्या श्वासासारखा तो नव्हता. त्यात बारीक शीळ होती. मावशीच्या अंगावर काटा आला आणि त्याची तिला लाज वाटली.

भाचीने आतल्या खोलीचे कुलूप काढले. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती.

खोली चारी बाजूंनी जाड फोमने मढवलेली होती. दार लावले की आपल्याच कानातले रक्त ऐकू यावे अशी शांतता. टेबलावर संगणक, माईक, आणि काडेपेटीएवढा एक हब, म्हणजे एका पोर्टची चार पोर्टे करणारा. डबीची केबल दोन तोंडांची होती. एका टोकाला डबी आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना, दोन्ही हबमध्ये खोचलेल्या. तिसऱ्या भोकात एक चिमुकला वाचायचा दिवा होता. हबच्या कुशीतून आणखी एक बारीक काळी वायर निघून टेबलामागे अंधारात गेली होती.

"हे बघ," असे म्हणून भाचीने संगणक चालू केला.

डबीतून गुंऽऽ असा बारीक आवाज उठला. वर चढत गेला, चढता चढता अडखळला आणि टक्. पुन्हा गुंऽऽ, पुन्हा टक्. पडद्यावर काहीच उमटेना. भाचीने दोन्ही हात कानांवर ठेवले.

मावशीला सवय होती ती अंधारात ऐकायची. जळक्या गोदामात डोळ्यांपेक्षा कान आणि नाक जास्त सांगतात. तिने खोलीतला मोठा दिवा मालवला, मग हबमधला तो चिमुकला दिवाही बंद केला, आणि ती काळोखात उभी राहिली.

गुंऽऽऽऽऽ... या खेपेला आवाज आधीपेक्षा लांब गेला. जवळजवळ पोचल्यासारखा वाटला. आणि मग टक्.

मावशीने चिमुकला दिवा पुन्हा लावला. टकटक पुन्हा लवकर येऊ लागली. तिने तो बंद केला. डबी पुन्हा जरा जास्त वेळ जगली.

३

मेव्हणे ओसरीवर वर्तमानपत्र उलटे धरून बसले होते, म्हणजे वाचत नव्हतेच. मावशीने चहाचा कप पुढे केला आणि सरळच विचारले, की डबी बंद पडावी असे तुम्हाला वाटत होते का.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. हो म्हणाले. रोज वाटत होते.

मग त्यांनी जे सांगितले ते मावशी पुढे बरेच दिवस विसरली नाही. शस्त्रक्रियेनंतर काही महिने घरात नुसती शांतता होती, तिची त्यांनी सवय करून घेतली. आणि एका दुपारी ते बायकोसमोर बसून तिच्यासाठी फळ चिरत होते, तेव्हा भिंतीपलीकडून तीच बायको हसली. पूर्वीसारखी, मोकळी. समोरची बायको मात्र गप्प होती आणि त्यांच्याकडे बघत होती.

"ताई, माझ्या हातातली सुरी थांबली," मेव्हणे म्हणाले. "मी तिला विचारलंसुद्धा नाही, की तुला ऐकू आलं का. ऐकू आलं असेल तर काय, आणि नसेल आलं तर काय? दोन्हीची भीती वाटली."

त्यानंतर रोज दुपारी तो आवाज येऊ लागला. कधी हळू, कधी लांबलचक. एकदा तर त्याने 'जेवलीस का गं?' असे विचारले. पुस्तकात असली वाक्ये नसतात, हे मेव्हण्यांनाही कळत होते. ते रोज दुपारी चपला घालून बाहेर पडू लागले आणि संध्याकाळी परत येऊ लागले. आवाज गेला त्या दिवशी मात्र पाय दुखत होता म्हणून ते घरातच राहिले होते.

खोलीत कोण असे, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते का? मावशीने विचारले.

"दार बंद असायचं. मी उघडलं नाही." मेव्हण्यांनी कप खाली ठेवला. "उघडलं असतं आणि आत कोणीच नसतं तर?"

या घरात विचारण्याची सवयच गेली होती. एकीची वाचा गेली म्हणून तिघेही मुके झाले होते. मेव्हण्यांवर संशय घ्यायला जागा होती, पण त्यांच्यासारखा माणूस डबी उचलून विहिरीत टाकील, नाहीतर तिला हातही लावणार नाही. ज्याने कोणी हे केले होते त्याने डबीला ओरखडाही काढलेला नव्हता. फक्त तिला बोलू दिले नव्हते.

४

कानसेन दुसऱ्या दिवशी सकाळी डबी न्यायला आला. परगावी एक प्रयोगशाळा होती. तिथे धुळीचा कण नसलेल्या खोलीत मेलेल्या डिस्का उघडतात आणि निघेल ते काढतात. निघेलच असे नाही. उघडली की डबी पुन्हा डबी राहत नाही. एकदाच प्रयत्न करता येतो.

"आणि तोवर तिला कोणी चालू करू नका," तो भाचीला रागावून म्हणाला. "त्या प्रत्येक टक्ला आतलं काहीतरी झिजतंय. अशीच वाजवत बसलात तर उघडून बघायलाही काही उरायचं नाही."

भाचीचा चेहरा उतरला. तिने आदल्या दिवसापासून किती वेळा चालू करून पाहिली होती कोणास ठाऊक.

मावशीने त्याला बसवून घेतले. प्रत दिली नाही याचा त्याला राग होता, हे त्याने न विचारताच कबूल केले. जाहिरातवाले त्याच्याकडे येऊन गेले होते, हेही. तो आवाज दुनियेने ऐकावा असे त्याला अजूनही वाटत होते. पण आवाज गेला त्या दुपारी तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गायिकेसमोर बसला होता आणि ती गायिका कोणालाही ते ओरडून सांगायला तयार होती.

"डबी मेली हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" मावशीने विचारले.

कानसेनला हा प्रश्न लागला. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढून दाखवला, वहीसारखा पातळ. फोन आल्याबरोबर धावत आलो, याच्यावर लावून पाहिली, इथेही तेच टकटक. शिवाय कान आहेत की! मेलेल्या डिस्का त्याने आयुष्यभर ऐकल्या होत्या. ऐकले आणि कळले, हात लावायचीही गरज नव्हती.

मावशीने लॅपटॉप हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला. डबीची पिन बसेल असे पोर्ट त्याला एकच होते. आणि केबलला तोंडे दोन.

तिने ते बोलून दाखवले नाही. एवढेच विचारले, की या खोलीत विजेचे बोर्ड, ॲडॉप्टर वगैरे काहीच कसे दिसत नाही.

त्यावर कानसेन खुलला. ही त्याची शिस्त होती. लोकांना ऐकू येत नाही, पण भिंतीत खोचलेला प्रत्येक ॲडॉप्टर बारीक गुणगुणत असतो आणि ती गुणगुण माईकमध्ये उतरते. त्यामुळे त्याच्या खोलीत ॲडॉप्टरला मज्जाव. संगणकाची जाड वायर तेवढी तो दाराखालून सरळ आत घेत असे. बाकी सगळे बाहेर. हबचा ॲडॉप्टरही त्याने असाच खोलीबाहेर हाकलला होता.

"बाहेर म्हणजे कुठे?" मावशीने विचारले.

कानसेनने डोके खाजवले. खोली लावून दिली त्याला जमाना झाला होता. इतक्या खोल्या लावल्या, कुठल्या घरात कुठून भोक पाडले ते आता लक्षात नव्हते. पण वायर तर हबला लागलेलीच आहे, तो म्हणाला, मग प्रश्नच काय?

मावशीने त्याला संध्याकाळपर्यंत थांबायची गळ घातली. तो थांबला, कारण धाकटीला न भेटता जायला त्याचा पाय निघत नव्हता आणि तिला भेटायचा धीरही होत नव्हता.

५

"आता खरं सांग," मावशी भाचीला म्हणाली. दोघी त्या फोमच्या खोलीत होत्या आणि संगणक बंद होता. "आवाज गेला तेव्हा तू कुठे होतीस?"

भाचीने आधी जिन्यात होते असे सांगितले होते. आता तिने खाली बघितले.

ती इथेच होती. याच खुर्चीवर. आतून कडी लावून.

रोज दुपारी ती इथेच असायची. स्वतःच टाइप करायची आणि यंत्र आईच्या आवाजात बोलायचे, हसायचेसुद्धा. कामावरच्या कटकटी सांगायची आणि आईने काय उत्तर दिले असते ते आपणच लिहायची. पुढे पुढे तर विचार न करताच बोटे उत्तर लिहीत, आणि ते ऐकून तिला खरेच नवल वाटे, की आई, हे तुला कसे सुचले! सांगता सांगता भाचीचा आवाज इतका हळू झाला की मावशीला पुढे वाकावे लागले.

"त्या दिवशी मी लिहिलं होतं, 'मी आहे ना, तू घाबरू नकोस'. आई 'मी आहे ना, तू घाबरू न' एवढंच म्हणाली. बस. खोलीत कोणी नव्हतं, मावशी. कडी होती. मी कशालाही हात लावला नव्हता. कोणीतरी तिचा गळाच धरला."

"वीज गेली होती?"

"नाही. मोठा दिवा तसाच होता. संगणकही चालू होता. तो छोटा दिवा मात्र एकदा मिचकला. मिचकला आणि मंद झाला."

मावशी खुर्चीवरून उठली. तिच्या डोक्यात कालपासून भिरभिरणारे सगळे तुकडे आता एका जागी येऊन बसले. आयुष्यभर तिने एकाच बोर्डावर नको इतक्या वस्तू लटकावून जळालेली दुकाने पाहिली होती. इथे जळले काहीच नव्हते. इथे कोणीतरी उपाशी राहिले होते.

"डबीला सुरू व्हायला फार वीज लागते," ती म्हणाली. "हातगाडी ढकलताना पहिला जोर जास्त लागतो ना, तसं. यूएसबीचं एक पोर्ट तेवढी देत नाही, म्हणून तर केबलला दोन तोंडं. पण दोन्ही तोंडं एकाच हबमध्ये खोचली आणि हबला स्वतःची वीज नसली, तर तो बिचारा संगणकाच्या एका पोर्टातून मिळेल तेवढंच सगळ्यांना वाटतो. त्यातला वाटा तुझा दिवाही खातो. दिवा बंद केला की डबी थोडी जास्त धावते, ते म्हणूनच. ती मेलेली नाहीये. तिला पुरत नाहीये. आणि तुमच्या कानसेनाने एकच पोर्ट असलेल्या लॅपटॉपवर लावून तिला पुन्हा उपाशीच ठेवलं."

"पण हबला वायर आहे की," भाची म्हणाली.

"वायर आहे. वीज आहे का ते बघू."

मावशीने टेबलामागे हात घातला. बारीक काळी वायर बोटांत धरून ती तिच्यामागे सरकत गेली, खाली, मग आडवी, मग फोमच्या मागे. फोमचा एक कोपरा तिने उचलला. भिंतीत बोट जाईल एवढे भोक होते, कापसाने बुजवलेले, आणि वायर त्यात शिरत होती.

मावशीने कापूस काढला आणि भोकाला कान लावला.

पलीकडून श्वास येत होता. जवळून, अगदी जवळून, भोकाशीच तोंड असावे इतका. त्यात बारीक शीळ होती.

६

मावशी धाकटीच्या खोलीत एकटी गेली. धाकटी पलंगावर भिंतीकडे कलून बसली होती. पलंगाचे डोके भिंतीला टेकलेले, आणि त्यामागे हात गेला तर लागेल असे विजेचे एक बटण. त्याखाली ॲडॉप्टर. पलंगावर बसलेल्या माणसाशिवाय ते कोणाला दिसणे शक्य नव्हते. बटण बंद होते.

मावशी तिच्या पायाशी बसली. तिला राग आला होता, आणि बहिणीचा चेहरा बघून तो राग टिकेना.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "खोली लावून देताना कानसेनने तुलाच सांगितलं असणार ना, की आधी तिकडचं बटण लाव, मग डबी. नाहीतर ती टकटक करते. तो विसरला, तू नाही विसरलीस."

धाकटीने मान डोलावली. पाटी उचलली आणि ती लिहू लागली. मावशीला शेवटी तिच्या खांद्यावरून वाकून वाचावे लागले, आणि ती ते मोठ्याने वाचत गेली, कारण दाराशी भाची येऊन उभी राहिली होती आणि तिने ते ऐकावे असे मावशीने ठरवले होते.

"'रोज ऐकत होते. ती डबीशी सगळं बोलायची. मी इथेच होते. माझ्याशी नाही. त्या दिवशी तिने डबीला म्हणायला लावलं, मी आहे ना. मला सहन झालं नाही.'"

खडूचा आवाज थांबला. धाकटीने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिले.

"'बटण लगेच लावणार होते. पण ती धावत माझ्याकडे आली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. कितीतरी दिवसांनी. म्हणून बंदच ठेवलं.'"

मावशीने आयुष्यात पुष्कळ गुन्हेगार पकडले होते. दुकान पेटवून विम्याचे पैसे मागणारे, आगीच्या गडबडीत कुलूप तोडून माल नेणारे. पकडल्यावर तिला नेहमी जरा बरे वाटायचे. या वेळी बरे वाटले नाही.

"तू खूप वाईट केलंस, आई," भाची दारातूनच म्हणाली. ती रडत नव्हती, ती संतापली होती. "कानसेन काका म्हणाले त्या टकटकीने ती खरंच गेली असती. आज उघडायला नेत होते तिला. तू बघत होतीस आणि गप्प बसलीस."

धाकटीने मान खाली घातली.

"आणि मी तिच्याशी का बोलायचे विचार ना. ती उत्तर द्यायची. तू पाटीवर काय लिहायचीस? पाणी. औषध. दार लाव. मी काही सांगायला बसले की तू पाटी उलटी करून ठेवायचीस. मला वाटलं तू आतल्या आत कुठेतरी निघूनच गेलीस, आणि राहिलीस ती फक्त तिथे."

धाकटीने हात मागे नेला आणि बटण दाबले.

संगणक चालू करायला मावशी स्वतः गेली. दाराशी घुटमळणारा कानसेन तिच्यामागे आला. डबीतून गुंऽऽ आवाज उठला, चढला, चढतच राहिला, आणि एका जागी स्थिर झाला. टकटक नाही. पडद्यावर फाइलींची नावे उमटली. कानसेनने भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटले, आणि मग पुटपुटला की आपले कान आता कापून टाकायला हवेत. मावशीने त्याला आधी दुसरी प्रत काढायला सांगितले. शपथ गेली खड्ड्यात, ती म्हणाली, हे माझ्यावर.

ती परत आली तेव्हा कापूस काढलेल्या भोकातून डबीची गुणगुण धाकटीच्या खोलीत ऐकू येत होती. भाची दारातच उभी होती. पण तिचा चेहरा भिंतीकडे वळला होता, कोणी हाक मारल्यावर वळतो तसा. तिला ते कळलेही नसावे. धाकटीला कळले.

धाकटीने पाटी बाजूला ठेवली. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. घास गिळावा तशी तिने हवा गिळली, मान ताठ केली, आणि ती हवा ढेकरेसारखी वर ओढली.

"इ... कडे," ती म्हणाली.

तो आवाज नव्हताच म्हणा. लोखंडावर दगड घासावा तसे काहीतरी, ओले, खरखरीत, ना बाईचे ना पुरुषाचे. भाची दचकून एक पाऊल मागे सरली. मावशीचाही हात आपोआप तोंडाकडे गेला. डॉक्टरांनी हे बोलणे शिकवल्याचे धाकटीने कोणालाही सांगितले नव्हते. न्हाणीघरात नळ सोडून ती एकटी करून बघत असे, आणि किळस येऊन थांबत असे.

लेक मागे सरलेली धाकटीने पाहिली. तिचे डोळे भरून आले, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तरी तिने पुन्हा हवा गिळली.

"इकडे... बघ."

भाची पुढे आली. पलंगाच्या कडेवर बसली. तिने आईच्या गळ्याकडे पाहिले, मग तोंडाकडे, आणि मग ती एकदम रडू लागली.

"फार वाईट आवाज आहे, आई."

धाकटीने तिसऱ्यांदा हवा गिळली. या वेळी जरा वेळ लागला.

"माझा आहे," ती म्हणाली.